धक्का लहान, सही मोठी

बडोद्यास मांडवीच्या गर्दीत मागून आलेल्या मोटारीने आपल्या मोटारीस धक्का दिला आणि मडगार्ड चेपण्यावर निभावले, असे समजा. भरपाई त्याच्या विमा कंपनीने द्यावी, हे आपले म्हणणे रास्तच. मात्र त्या कंपनीचा करार त्याच्याशी आहे, आपल्याशी नव्हे. आपला हक्क येतो तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातून. त्याच्या १४६ व्या कलमाने तिऱ्हाइतासाठीचा विमा सक्तीचा केला आहे.

म्हणून प्रथम गाडीचा व पॉलिसीचा क्रमांक टिपावा, छायाचित्रे काढावीत, पोलिसांत नोंद करावी. दुरुस्तीचा पक्का अंदाज येण्यापूर्वी ‘संपूर्ण व अंतिम’ भरपाईच्या पावतीवर सही करू नये. पत्र्याआडची मोड उशिरा दिसते. तडजोड न झाल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अर्जास सहा महिन्यांची मुदत घातली आहे. नुकसान अल्प असल्यास स्वतःच्या सर्वंकष विम्यातून काम उरकणे सोयीचे. पण त्यात ‘नो क्लेम बोनस’ हातचा जातो, हा हिशेब आधी मांडावा.

बोलणे सौजन्याचे असावे. सही मात्र सावकाश करावी.