पत्रावळीमागचे हात

आपल्या धर्मग्रामांत सणाची जेवणावळ असो, लग्नाची पंगत असो किंवा यात्रेला निघालेल्या भाविकांचा फराळ असो, अन्न कशात वाढावे आणि कशात बांधून द्यावे हा प्रश्न बहुधा अगदी शेवटी विचारला जातो. मग बाजारात जे स्वस्त व हाताशी मिळेल ते आणले जाते. या घाईमुळेच ग्रामीण भगिनींचा एक जुना रोजगार मागे पडत आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून पानांच्या पत्रावळी आणि द्रोण यांचा व्यवसाय कसा चालतो, हे येथे थोडक्यात समजून घेऊ या.

महाराष्ट्रात पत्रावळ म्हटली की पळस आठवतो. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण आपल्या परिचयाची आहे. ही पाने रुंद आणि चिवट असतात. वसंतात झाड बहुतांशी निष्पर्ण होऊन फुलते व त्यानंतर नवी पालवी येते. कोवळे पान फाटते, म्हणून ते थोडे जून होऊ द्यावे लागते. स्त्रिया रानातून पाने खुडून आणतात, किडकी-फाटकी बाजूला काढतात, बारीक काड्यांनी ती एकमेकांत टाचतात आणि वाळवून त्यांचे गठ्ठे बांधतात. ओडिशा, झारखंड व छत्तीसगड येथे हेच काम साल वृक्षाच्या आणि माहुल वेलीच्या पानांवर चालते.

या श्रमांचे मोल मात्र पुढच्या टप्प्यावर वाढते. टाचलेली पाने तापलेल्या साच्यात दाबली की त्यांना काठ येतो, ताट टणक होते आणि त्यात पातळ पदार्थही राहतो. हे यंत्र व्यापाऱ्याचे असेल तर वाढीव किंमत त्याला मिळते व स्त्रियांच्या हाती केवळ पानांची मजुरी उरते. यंत्र बचत गटाचे असेल तर तोच नफा गावात राहतो. २०१८ साली सुरू झालेल्या वनधन योजनेत सुमारे २० सभासदांचे १५ गट मिळून ३०० जणांचे एक केंद्र, अशी रचना याच हेतूने ठरविण्यात आली.

कायदाही प्रतिकूल नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना मान्य केला. सालाच्या पानांच्या वस्तूंवरील वस्तू व सेवा कर २०१८ साली माफ झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राने, आणि १ जुलै २०२२ पासून संपूर्ण देशाने, एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या ताटांवर बंदी घातली. तथापि प्लॅस्टिकची जागा सर्वत्र पानांनी घेतली नाही. पुष्कळ ठिकाणी आतून चकचकीत थर दिलेली कागदी ताटे आली. तो थर बहुधा प्लॅस्टिकचाच असतो.

येथे आपले काम सुरू होते. पावसाळ्यात पाने नीट वाळत नाहीत व त्यांवर बुरशी धरते. तेव्हा सणासाठी लागणाऱ्या पत्रावळींची मागणी काही आठवडे आधी, शक्यतो कोरड्या दिवसांत, बचत गटाकडे नोंदवावी. माल कोरड्या जागी ठेवावा. घेताना पत्रावळ उलटून पाहावी, कारण काही पत्रावळींना खालून प्लॅस्टिकचा पापुद्रा लावलेला असतो. वापरलेली पाने इतर कचऱ्यात न टाकता खतासाठी वेगळी ठेवावी.

पानांची पत्रावळ कागदी ताटापेक्षा महाग पडू शकते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु संपूर्ण जेवणावळीच्या खर्चात हा फरक किती, याचा हिशेब एकदा करून पाहावा. मंडप आणि रोषणाई यांच्या खर्चात आपण सहसा घासाघीस करीत नाही. मग ज्या भगिनीने रान तुडवून पाने आणली तिच्याशीच डझनामागे चार-दोन रुपयांसाठी का करावी? पुढच्या सणाच्या नियोजनाच्या बैठकीत जेवणाच्या यादीबरोबर पत्रावळीचा विषयही पहिल्याच दिवशी मांडला जावा, एवढीच आमची विनंती आहे.