मागचे पाय थरथरतात तेव्हा

म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय थरथरू लागले की ‘आता वय झालं’ म्हणून विषय संपवला जातो. पण वय हा आजार नव्हे; थरथरीमागे बहुतेकदा शोधता येण्याजोगं कारण असतं. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा झिजला की कुत्रा दुखरा पाय कमी वापरतो, मांडीचे स्नायू आटतात आणि उभं राहताना त्यांना कापरं भरतं. जर्मन शेफर्डसारख्या जातींत मज्जारज्जूचाही ऱ्हास होतो. त्यात वेदना नसते, पण पंजा मुडपून घासत जातो आणि नखं वरून झिजतात. म्हणून नखं जरूर पाहावीत.

‘या वयात उपचारांनी काय साधणार?’ असं कुणी विचारेल. मज्जारज्जूचा ऱ्हास थांबवणारं औषध नाही, हे खरं. सांधेदुखी मात्र आटोक्यात ठेवता येते: वजन उतरवणं, रोज थोडं थोडं चालवणं, गुळगुळीत फरशीवर न सरकणारी चटई अंथरणं आणि पशुवैद्यांनी दिलेलं वेदनाशामक. घरातली आयबुप्रोफेनची गोळी देऊ नये. तिने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पाय अचानक लुळे पडले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आयुष्य वाढो न वाढो, उरलेले दिवस कमीत कमी वेदनेत जावेत, एवढं आपल्या हातात नक्कीच आहे.