कॅमेरा कमी खातो, मॉनिटर जास्त

आरीफ्लेक्स 16 एसआर हा 1975 साली आलेला जर्मन कॅमेरा. बारा व्होल्टवर चालतो. चारशे फुटी मॅगझीन चोवीस फ्रेमच्या वेगानं अकरा मिनिटांत संपतं. दिवसाला पाच मॅगझीन गेली म्हणजे निर्मात्याच्या पोटात गोळा यावा इतकी फिल्म गेली, तरी मोटर फिरलेली असते जेमतेम तासभर. मग दुपारी तीनलाच बॅटरी का बसते?

व्हिडिओ टॅपमुळे. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र दिग्दर्शकाला दिसावं म्हणून बसवलेला तो चिमुकला व्हिडिओ कॅमेरा आणि त्याला जोडलेला मॉनिटर, दोघंही शॉट असो नसो, सकाळपासून सुरू असतात. तालीम चालू असते, चहा येतो, ढग सरायची वाट पाहिली जाते. मॉनिटर पीतच असतो. म्हणून आमच्याकडे त्याची बॅटरी वेगळी. मॉनिटर विझला तर आरडाओरडा होतो, पण फिल्म वाया जात नाही. कॅमेऱ्याच्या बॅटरीनं शॉटमध्ये मान टाकली तर मोटर वेग स्थिर राखणाऱ्या क्रिस्टलच्या ताब्यातून सुटते, वेग घसरतो आणि रेकॉर्डरवरचा आवाज ओठांशी जुळेनासा होतो. एसआर तशी सूचना देतो, पण ऑपरेटरचं लक्ष त्या क्षणी चौकटीतल्या माणसाकडे असतं. मग सगळं उघड होतं ते फिल्म धुऊन आल्यावर.

रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं चित्रित करताना हा हिशेब फार जवळून पाहिला. सडा म्हणजे उघडा जांभा. विजेचा खांब नाही, सावली नाही, आणि जनरेटर लावावा तर मोकळ्या माळावर त्याची घरघर माइकपर्यंत पोचतेच. सगळी वीज खांद्यावरून न्यायची. वर्षानुवर्षं युनिटं यासाठी वापरत आली ती 12 व्होल्ट 7 अँपियर-अवरची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी, घरच्या यूपीएसमध्ये असते तीच. दोन किलोंहून जड, पण कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते. परदेशी सुट्या भागांवर जगणाऱ्या कॅमेऱ्याला हा मोठा आधार.

आमचे कॅमेरा अटेंडंट दादा रोज सकाळी ट्रायपॉड उभा करण्याआधी मल्टिमीटर काढायचे. एका नव्या मुलानं बॅटरीला काड्या लावल्या आणि खुशीत सांगितलं, "दादा, बारा सहा दाखवतेय. फुल आहे."

"नुसती बसलेली बॅटरी काहीही सांगते. कॅमेरा चालव आणि मग बघ."

डमी रोल भरला होता. बटण दाबताच आकडा 12.6 वरून थेट 11.1 वर आला आणि तिथून खाली सरकू लागला. "म्हातारी झालीय," दादा म्हणाले. "मॉनिटरला दे."

ते करंटही मोजत. तोच वेग, तीच फिल्म, आणि कॅमेरा कालच्यापेक्षा जास्त अँपियर ओढत असेल तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नसतो. मॅगझीन जड फिरतंय किंवा आतलं वंगण वाळलंय, हे मीटरवरचा आकडा आधी सांगतो.

अलीकडे लोक लिथियमकडे वळलेत. लिथियम-आयनचे चार सेल भरल्यावर 16.8 व्होल्ट होतात. बारा व्होल्टच्या जुन्या सर्किटला तेवढे देऊ नयेत. तीनच लावले तर भरल्यावरच 12.6 असतात आणि लवकर खाली येतात. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलची बेरीज मात्र 12.8, म्हणजे नेमकी बसणारी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे पॅक बांधून मिळतात. सेलला थेट सोल्डर न लावता निकेलच्या पट्ट्या स्पॉट-वेल्ड करून घ्याव्यात आणि संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, गरजेपेक्षा मोठंच घ्यावं. मोटर सुरू होताना क्षणभर मोठा झटका ओढते. लहान बीएमएसला तो शॉर्ट वाटतो आणि ते पुरवठाच तोडतं. कॅमेरा एकदा गुरकावतो आणि गप्प होतो.

या बॅटरीचा दुसरा स्वभाव मला अजून पचलेला नाही. लेड-अ‍ॅसिड हळूहळू उतरते, कुरकुरते, वेळेवर सांगते. ही शेवटपर्यंत ताठ उभी राहते आणि मग एकदम जाते. व्होल्ट पाहून उरलेली वीज कळत नाही. त्यामुळे कुठल्या बॅटरीवर किती मॅगझीन चालली ते टेपवर लिहून तिलाच चिकटवायचं. वजनात मात्र ती निम्म्याहून हलकी, आणि सहा अँपियर-अवरचा पॅक 77 वॉट-अवरच्या आत राहतो. विमानात 100 पर्यंतची सुटी लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेतून नेता येते.

1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणणाऱ्या दादासाहेब फाळक्यांना यातलं काहीच नव्हतं, हँडल फिरवायचं की झालं. आमच्या पेटीतही चावीचा बोलेक्स असतो. एका चावीत जेमतेम अर्धा मिनिट, पण आवाजाविना शॉट चालणार असेल तर तो कुणाचं देणं लागत नाही.

रात्री लॉजवर दोनच प्लग, त्यातला एक टीव्हीमागे. लेड-अ‍ॅसिडला सावकाश चार्ज करायला दहा-बारा तास लागतात. मध्ये वीज गेली तर सकाळचं गणित कोलमडतं, म्हणून कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आधी लावायच्या, मॉनिटरच्या नंतर आणि मोबाइल सगळ्यांत शेवटी. यावरून भांडणं होतात, होऊ द्यावीत. लेड-अ‍ॅसिड रिकामी ठेवली तर प्लेटांवर सल्फेट साचतं आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. पॅकअपनंतर उतरलेल्या बॅटऱ्या तशाच परत करणारी युनिटं पुष्कळ आहेत. त्यामुळे भाड्यानं सामान घेताना लेन्सवरचे ओरखडे पाहण्याआधी मी विचारतो, या बॅटऱ्या शेवटच्या चार्ज कधी केल्या होत्या.