पोहता येत नाही? तरीही समुद्राचा तळ पाहता येतो
लेखमाला : पाण्याचं विज्ञान – भाग ९

मागच्या भागात आपण पाण्याचा दाब पाहिला. समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर वरच्या हवेचा एक आणि पाण्याचा एक, असा दुप्पट दाब अंगावर येतो. हे कळल्यावर पुढचा प्रश्न ओघानेच येतो. इतक्या दाबाखाली माणूस श्वास कसा घेतो? आणि ज्याला पोहताही येत नाही, त्याने पाण्याखाली जायचं तरी कसं? याचं सर्वांत सोपं आणि जुनं उत्तर म्हणजे खालून उघडं असलेलं हेल्मेट. ते खांद्यांवर ठेवून माणूस उथळ समुद्राच्या तळावर चक्क चालतो. पर्यटनाच्या धंद्यात याला ‘सी वॉक’ म्हणतात.

आलापल्लीच्या वाचकाला समुद्राचं काय, असं कुणाला वाटेल. पण आपल्या जंगलात पडणारा पाऊस प्राणहिता किंवा इंद्रावतीच्या वाटेने गोदावरीत जातो आणि गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरात. सरळ रेषेत मोजलं तर हा उपसागर आपल्याला मुंबईच्या समुद्राच्या निम्म्या अंतरावर आहे. अंदमान बेटं याच उपसागरात आहेत. पोर्ट ब्लेअरसमोरच्या नॉर्थ बेमध्ये आणि हॅवलॉक, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या एलिफंट बीचवर सी वॉक चालतो. आपल्या राज्यात मालवण-तारकर्लीला स्कूबा आणि स्नॉर्केलिंग रुजलं आहे. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रही तारकर्लीलाच आहे. अहेरी, आलापल्ली, चंद्रपूरकडची कुटुंबं आता या दोन्ही ठिकाणी सहलीला जातात. तिथे पाण्यात उतरायचं की नाही, हे भीतीने किंवा भिडेने ठरू नये. समजून-उमजून ठरावं, म्हणून हा भाग.

उलटा गिलास

घरी करून पाहा. स्टीलच्या गिलासाच्या बुडाशी कोरड्या कागदाचा बोळा घट्ट बसवा. गिलास उलटा धरून पाण्याने भरलेल्या बादलीत सरळ खाली दाबा आणि तसाच सरळ वर काढा. कागद कोरडाच राहतो. आत हवा अडकलेली असते आणि ती पाण्याला आत येऊ देत नाही. आता गिलास पाण्यातच जरा तिरका करा. बुडबुडा निसटतो, तेवढं पाणी आत शिरतं आणि कागद भिजतो. हेल्मेटचं निम्मं शास्त्र या दोन कृतींत आलं.

उरलेलं निम्मं कळायला विहीर हवी. काचेच्या बरणीला जड दगड बांधून ती उलटी विहिरीत सोडली, तर खाली जाताना बरणीतलं पाणी हळूहळू वर चढत जातं. ५ मीटरवर दाब दीडपट होतो, त्यामुळे आतली हवा आकसून दोन तृतीयांश उरते आणि बरणीचा एक तृतीयांश भाग पाण्याने भरतो. दाब आणि हवेचं आकारमान यांचं हे नातं रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलं. बरणीतली पाण्याची पातळी पुन्हा तोंडाशी आणायची तर वरून आणखी हवा सोडत राहायला हवी. हेल्मेटला जोडलेली नळी नेमकं हेच काम करते.

सुरक्षिततेचं मर्मही इथेच आहे. हेल्मेट खालून उघडं असल्यामुळे आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतकाच राहतो. छातीवर पाण्याचा जेवढा दाब, जवळपास तेवढ्याच दाबाची हवा नाकातोंडात जाते. त्यामुळे श्वास ओढायला जोर लागत नाही. एक मीटर खोल पाण्यात बसून वरून लांब नळीने श्वास घेऊ पाहणाऱ्याला हे जमत नाही. त्याच्या छातीवर पाण्याचा दाब असतो आणि नळीतली हवा मात्र वरच्या, कमी दाबाची असते. फुगायला फुप्फुसांची ताकद पुरत नाही. सिनेमात बोरूची नळी तोंडात धरून नदीच्या तळाशी लपणारा नायक दिसतो. त्याचं अनुकरण कुणी करू नये, ते याचसाठी.

धुरातून पाण्यात

उलट्या भांड्यातली हवा घेऊन पाण्यात राहण्याची कल्पना प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होती. धूमकेतूमुळे आपल्या ओळखीचे असलेले एडमंड हॅली यांनी १६९१ मध्ये माणसं आत बसतील एवढी मोठी घंटा पाण्यात सोडली. तिच्यात ताजी हवा पुरवायला ते वजन बांधलेली पिंपं खाली पाठवत.

डोक्यापुरत्या हेल्मेटचा जन्म मात्र आगीतून झाला. १८२३ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स डीन यांनी धुराने भरलेल्या खोलीत शिरणाऱ्यांसाठी नळीने हवा पुरवणाऱ्या हेल्मेटचं पेटंट घेतलं. पुढे चार्ल्स आणि त्यांचे भाऊ जॉन यांनी तेच हेल्मेट पाण्याखाली वापरलं. १८३६ मध्ये जॉन डीन यांनी ‘मेरी रोझ’ या बुडालेल्या जुन्या युद्धनौकेवरच्या तोफा वर काढल्या. या हेल्मेटमधली जादाची हवा खालच्या बाजूने निघून जाई. त्यामुळे पाणबुड्या वाकला किंवा पडला, तर तिरक्या गिलासासारखं पाणी आत शिरण्याचा धोका होता. म्हणून त्याच दशकात ऑगस्टस सीब यांनी हेल्मेट अंगातल्या पोशाखाला घट्ट जोडून बंद केलं. बंदरांच्या आणि बुडालेल्या जहाजांच्या कामांत पुढे कित्येक दशकं हाच बंद पोशाख चालला.

उघडं हेल्मेट मात्र हौशी आणि अभ्यासू माणसांच्या हाती राहिलं. अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब यांनी १९२०च्या दशकात साधं उघडं हेल्मेट घालून हैतीच्या प्रवाळांमध्ये फिरून मासे पाहिले आणि सामान्य माणसानेही हे करावं असा आग्रह धरला. आजचा सी वॉक हा त्याच वाटेवरचा. अवघड कामासाठी जो दोष होता, तो उथळ पाण्यात सरळ उभं राहून चालणाऱ्या नवख्यासाठी गुण ठरला. हे हेल्मेट अंगाला बांधलेलं नसतं. ते नुसतं खांद्यांवर टेकलेलं असतं आणि गरज पडल्यास त्याच्या खालून निसटून बाहेर येता येतं.

शिडीवरून खाली

बोटीच्या किंवा तरंगत्या फलाटाच्या कडेला शिडी असते. तिच्यावरून गळ्याइतक्या पाण्यात उतरलं की मदतनीस वरून हेल्मेट खांद्यांवर ठेवतात. कोरड्यात त्याचं वजन ३० किलोच्या आसपास असतं, पण पाण्यात गेल्यावर थोडेच किलो जाणवतात. आत साधारण २५ लिटर हवा असेल, तर ती जवळपास २५ किलो पाणी बाजूला सारते आणि तेवढीच उचल देते. उरलेलं वजन मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे माणूस तरंगत नाही आणि पाय तळावर टेकतात. पाण्याची पातळी हनुवटीच्या खाली राहते. केस कोरडे राहतात, चष्मा घालता येतो, नाकाने नेहमीसारखा श्वास घेता येतो. खोली साधारण ४ ते ७ मीटर असते.

आत हवेचा सतत मोठा आवाज येतो. नवख्याला तो खटकतो, पण तोच आपला जामीन आहे. शांत बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा श्वासात घेतो. मग एवढा मोठा झोत कशाला? कारण आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड हेल्मेटमध्ये साचला, तर धाप लागते, डोकं दुखतं, शुद्धही हरपू शकते. जे. एस. हाल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी केलेल्या अभ्यासातून १९०७च्या सुमारास हे स्पष्ट झालं. खोलवर गेलेले पाणबुडे थकत होते ते दाबाने नव्हे, तर अपुऱ्या हवेमुळे साचलेल्या या वायूने. त्या खोलीवरच्या दाबाला मोजून मिनिटाला किमान सुमारे ४२ लिटर हवा हेल्मेटमधून वाहायला हवी, असं त्यांनी सांगितलं. श्वासापुरत्या हवेच्या कितीतरी पट जास्त हवा हवी, ती वापरलेली हवा खालच्या कडेने बाहेर ढकलण्यासाठी.

उतरताना कानांत दडे बसतात. कानाच्या पडद्याबाहेरचा दाब वाढतो आणि आतला मागे राहतो. दर अर्ध्या-एक मीटरला थांबून गिळल्यासारखं करायचं, जबडा हलवायचा किंवा हेल्मेटच्या खालून हात आत घालून नाक दाबून हलकेच फुंकायचं. दुखत असताना रेटून खाली जायचं नाही. खूण करून एक पायरी वर यायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी बेतच रद्द करावा, कारण नाक आणि कान जोडणाऱ्या बुजलेल्या नळीतून दाब सारखा होत नाही.

एकच गोष्ट विसरू नका

वर येताना श्वास रोखायचा नाही. या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल, तर ती ही ठेवा. ५ मीटरवर छातीभर घेतलेली ६ लिटर हवा पृष्ठभागावर येईपर्यंत ९ लिटर होते. तोंड-नाक मोकळं असेल तर जादाची हवा आपोआप निघून जाते. घाबरून श्वास कोंडला, तर फुप्फुस फाटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. दीड मीटरसारख्या उथळ पाण्यातही ही इजा होऊ शकते. हेल्मेट सोडून वर यावं लागलं, तरी सावकाश श्वास सोडत सोडत यायचं.

दुसरा नियम म्हणजे मान आणि पाठ ताठ. पायाजवळचा मासा पाहायला वाकायचं नाही, गुडघे मोडून खाली बसायचं. तिसरा नियम मार्गदर्शकाच्या खुणांचा. अंगठा वर याचा अर्थ पाण्यात ‘छान’ नसून ‘वर चला’ असा आहे. ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. दमा, हृदयविकार, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कानाच्या पडद्याला भोक किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. फॉर्मवर हे लपवून काही साधत नाही.

पैसे देण्याआधी विचारा

‘काहीच धोका नाही’ असं सांगणाऱ्यापेक्षा धोका कुठे आहे आणि त्याची सोय काय केली आहे, हे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवा. काँप्रेसर बंद पडला तर लगेच सुरू होणारी राखीव सिलिंडरची हवा आहे का? नळी तुटली तर हवा उलटी ओढली जाऊ नये म्हणून हेल्मेटला एकदिशा झडप आहे का? काँप्रेसर हवा कुठून ओढतो? बोटीच्या इंजिनाचा धूर त्यात गेला, तर कार्बन मोनॉक्साइड थेट हेल्मेटमध्ये येतो. वर यंत्रापाशी पूर्ण वेळ माणूस असतो का? खाली एका मार्गदर्शकाकडे किती जण असतात? बोटीवर प्राणवायूचं सिलिंडर आहे का? हे विचारायला पोहता यावं लागत नाही, आणि चांगला चालक या प्रश्नांवर चिडतही नाही.

बोटीचाही विचार करा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालची तयारी कितीही पक्की असली, तरी जाण्या-येण्याच्या प्रवासात लाइफ जॅकेट अंगात हवंच, आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेल्या बोटीत चढायचं नाही. समुद्र खवळलेला असताना फेरी रद्द करणारा माणूस आपलं नुकसान करत नसतो.

तळावरही जंगलच

खाली काय दिसतं? अंदमानात प्रवाळ, पोपटमासे, समुद्रफुलांत लपणारे नारिंगी विदूषक मासे. मालवणलाही प्रवाळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ते जिवंत प्राण्यांच्या वसाहती आहेत. त्यांतले मोठे गोलसर प्रकार वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. पाय ठेवून मोडलेला हातभर तुकडा म्हणजे कित्येक दशकांची वाढ. त्यात पाणी तापलं की प्रवाळ पांढरे पडतात, आणि अंदमानने २०१० मध्ये त्याचा मोठा फटका सोसला आहे.

आपल्या आलापल्लीच्या ‘वनवैभव’ जंगलात १९५३ पासून कुऱ्हाड चालू दिलेली नाही. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत आपला वाघ आहे, त्याच अनुसूचीत दगडी प्रवाळही आहेत. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा खिशात घालणं हा गुन्हा आहे. जंगलात पायवाट सोडायची नाही, आवाज करायचा नाही, काही तोडायचं नाही, हे आपल्याकडची मुलं न शिकवता शिकतात. समुद्राच्या तळावर जायला याहून चांगली तयारी नाही. मार्गदर्शक माशांना पाव घालून जवळ बोलवत असेल, तर त्यालाही स्पष्ट नको म्हणा. प्रवाळांवर चालवत नेत असेल तर परत फिरा. वाळूच्या पट्ट्यावर उभं राहून सगळं नीट दिसतं.

पोहता येत नाही म्हणून समुद्राचा तळ आपल्या नशिबी नाही, असं कुणी मानू नये. बरगड्यांची ताकद किंवा धाडस इथे लागत नाही. सरळ उभं राहणं, चालू श्वास आणि चार प्रश्न विचारण्याचा निर्धार पुरतो. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी गिलास-बादलीचा प्रयोग या आठवड्यात वर्गात जरूर करावा. तो समजलेला विद्यार्थी उद्या अंदमानच्या शिडीवर उभा राहिला, तर त्याला हेल्मेट परकं वाटणार नाही.

(पुढच्या भागात : पाठीवर सिलिंडर घेऊन खोल जाणाऱ्या पाणबुड्याला वर येताना वाटेत थांबावं का लागतं, आणि रक्तात विरघळलेला नायट्रोजन तेव्हा काय करतो.)