भरतमुनींचे काय करायचे?

दर पावसाळ्यात भरतमुनी आमच्या वर्गात येतात आणि दर वर्षी मागच्या बाकावरून तोच प्रश्न येतो, “सर, हे आता कशाला?”

प्रश्न उद्धटपणाचा नाही. स्थायी भाव ८, सात्त्विक ८, व्यभिचारी ३३ ही यादी मुले घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. गेल्या वर्षी एका मुलीने मर्ढेकरांची पिंपातल्या उंदरांची कविता पुढे केली. “सर, यात रस कोणता? करुण की बीभत्स?” मी घसा साफ केला, फळा पुसला, तोवर सुदैवाने तास संपला. ही वर्गवारी नव्या कवितेला पुरत नाही, हे माझेही मत होते आणि आजही आहे. शिकवायचे ते पोटासाठी!

त्याच हिवाळ्यात एका हौशी मंडळाने ‘एकच प्याला’ लावले. मी ताईला घेऊन गेलो. दारूपायी भाऊजींना जाऊन चार वर्षे झाली होती. नाटक कशावर आहे हे मला ठाऊक, ताईचा संसारही ठाऊक. पण या दोन गोष्टी डोक्यात एका जागी आल्या नाहीत. प्राध्यापक म्हणतात तो असा.

गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. तरी आजही सिंधू जात्यावर बसली की रुमाल निघतात. माझाही निघाला. ताई पदांना मांडीवर ताल धरत होती. जात्याच्या प्रवेशाला मात्र पदर सावरून उठली. “तू बस. मी जरा वाऱ्याला बसते.”

मागोमाग गेलो, तर बाकावर शांत बसलेली. डोळ्यांत टिपूस नाही. म्हणाली, “लोक किती छान रडतात रे!”

त्या रात्री ‘अभिनवभारती’ काढली. रंगभूमीवरचे दुःख कोणा एकाचे उरत नाही, सर्वांचे होते, म्हणून त्यात रडूनही सुख वाटते; भट्टनायकांचा हा विचार काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी हजार वर्षांपूर्वी पुढे नेला. एवढे मी वर्गात सांगतो. पण तिथेच रसाच्या आड येणारी सात विघ्नेही आहेत. परीक्षेत येत नाहीत म्हणून ती मी झरझर उरकत असे. त्यांतले एक म्हणजे आपल्याच सुखदुःखाने व्यापलेले मन. त्याला दुसऱ्याच्या भावनेत शिरायला वावच नसतो. अभिनवगुप्तांनी त्यावर उपायही दिला आहे: गायन, वादन, सजवलेला मंडप. मला ताईचा ताल आठवला. उपाय जात्यापर्यंत पुरला होता.

यंदा विघ्नांवर पूर्ण तास घेतला. “परीक्षेला आहे का, सर?” “नाही,” म्हणालो. तिघे उठून गेले. उरलेली मुले घंटेनंतरही बसून होती. उंदरांच्या कवितेचे उत्तर मात्र अजून राहिलेच आहे.

परवा ताईचा फोन आला. “‘सौभद्र’ लागलंय म्हणे. नेशील का?”

पुढच्या रांगेची दोन तिकिटे काढली आहेत.