इंजिनाची भूक आणि पंपाचे माप

नव्याने बांधलेले इंजिन पहिल्यांदा सुरू होते, तेव्हा गॅरेजमधल्या सगळ्यांचे कान टवकारलेले असतात. आवाज नीट, ऑइलचे प्रेशर बरोबर, मालक खूश. तासाभराने मात्र कुणाचे डोके जड होते, कुणाला मळमळू लागते. पेट्रोलचा वास बाधला, असे म्हणून चहा मागवला जातो. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत या डोकेदुखीचे मूळ अनेकदा इंजिनाला जोडलेल्या पंपात असते.

आजच्या गाड्यांमध्ये पेट्रोल किती सोडायचे हे संगणक ठरवतो. धुराच्या नळीतला सेन्सर ऑक्सिजन मोजतो आणि संगणक क्षणाक्षणाला माप सुधारतो. १९६९ ते १९७३ या काळातल्या पोर्शे ९११च्या ‘ई’ आणि ‘एस’ गाड्यांत असे काही नव्हते. त्यांत बॉश कंपनीचा यांत्रिक इंजेक्शन पंप होता. सहा सिलिंडरसाठी सहा छोटे प्लंजर. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक प्लंजर एकदा पेट्रोल ढकलतो.

किती ढकलायचे, हे ठरवतो पंपाच्या पोटातला ‘स्पेस कॅम’. बोटभर लांबीचा, चढउतार असलेला हा पोलादी तुकडा ॲक्सिलरेटर दाबला की फिरतो आणि इंजिनाचा वेग वाढला की मागेपुढे सरकतो. त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे पेट्रोलचे एक ठरलेले माप. इंजिनात हवा किती आली, हे हा पंप मोजत नाही. अमुक वेगाला, ॲक्सिलरेटर अमुक इतका दाबल्यावर या इंजिनात इतकी हवा येणारच, हे गृहीत धरून तो पोलाद घडवलेला असतो. ही एका विशिष्ट रुग्णासाठी लिहिलेली चिठ्ठीच. रुग्ण बदलला तरी चिठ्ठी तीच राहते.

इंजिन पुन्हा बांधताना नेमका रुग्णच बदलतो. २३४१ सीसीच्या इंजिनात ८४ मिलिमीटरऐवजी ९० मिलिमीटरचे पिस्टन आणि सिलिंडर बसवले की क्षमता २६८७ सीसी होते, म्हणजे १९७३ च्या प्रसिद्ध कॅरेरा आरएसइतकी. हवेची भूक सुमारे १५ टक्के वाढते, पण जुना पंप जुन्याच मापाने वाढत राहतो. क्षमता न बदलता नुसता कॅमशाफ्ट बदलला, तरी घोटाळा होतो. त्याच २३४१ सीसीमधून ‘ई’ इंजिन १६५ अश्वशक्ती देई, तर ‘एस’ १९०. ‘एस’चे इंजिन कमी वेगाला जेमतेम श्वास घेते आणि वरच्या वेगाला छाती भरून. म्हणूनच कंपनीने दोघांना वेगवेगळे पंप दिले होते.

माप चुकले की दोन गोष्टी होतात. पेट्रोल कमी पडले, म्हणजे मिश्रण ‘लीन’ झाले, तर पूर्ण जोरावर धावणाऱ्या या एअर-कूल्ड इंजिनाचे पिस्टन वितळू शकतात. पेट्रोल जास्त झाले, म्हणजे मिश्रण ‘रिच’ झाले, तर सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन जाते, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळते आणि नवे इंजिन लवकर झिजते. पिस्टन गमावण्यापेक्षा थोडे ‘रिच’ बरे, असा हिशेब पुष्कळ जण करतात. इंजिनापुरता तो चूक नाही. पण अपुऱ्या हवेत जळणारे पेट्रोल कार्बन मोनॉक्साइड तयार करते आणि त्याची किंमत माणूस मोजतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. हवेत त्याचे प्रमाण दहा लाखांत १२०० भाग झाले की अमेरिकी आरोग्य संस्था त्याला जिवाला तात्काळ धोका मानते. ‘रिच’ इंजिनाच्या धुरात तो ३ टक्के असेल, तर दहा लाखांत ३०,००० भाग झाले, म्हणजे त्या मर्यादेच्या २५ पट. या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हता. बंद गॅरेजमध्ये असे इंजिन थोडा वेळ चालले तरी पुरते.

धोका गॅरेजपुरता थांबत नाही. जुन्या ९११मध्ये केबिन गरम करणारी हवा धुराच्या नळ्यांभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधून येते. तो गंजून फुटला की धूर थेट चालकाच्या नाकाशी. पंपाचाही याच गरम हवेशी संबंध आहे. थंड इंजिनाला मिळणारे जादा पेट्रोल ही हवा पंपावरच्या थर्मोस्टॅटपर्यंत पोचल्यावर बंद होते. इंजिन बांधताना हीट एक्स्चेंजर काढून टाकले किंवा ती नळी जोडायची राहिली, तर इंजिन तापले तरी पंप ते थंडच समजतो. मग लोक स्क्रू फिरवत बसतात आणि दोष असतो एका सुटलेल्या नळीत.

म्हणून जाणकार कारागीर पंपाला सर्वांत शेवटी हात लावतो. आधी कॉम्प्रेशन, व्हॉल्व्हचे अंतर, इग्निशनचे टायमिंग, मग थ्रॉटल आणि पंप यांना जोडणारे दांडे. निदान आधी, औषध नंतर. बदललेल्या इंजिनासाठी पंप टेस्ट बेंचवर चढवून प्रत्येक प्लंजरचे पेट्रोल मोजावे लागते आणि गरजेनुसार स्पेस कॅमही बदलावा लागतो. शेवटी धुराच्या नळीत सेन्सर बसवून वेगवेगळ्या वेगांना मिश्रण तपासले जाते. पंपाला जे कळत नाही, ते एकदा तरी कुणीतरी मोजून द्यावे लागते.

हे काम उघड्यावर करावे किंवा धूर नळीने बाहेर सोडावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. डोके दुखू लागले, चक्कर आली, मळमळले, तर इंजिन बंद करून सगळ्यांनी मोकळ्या हवेत जावे. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते आणि आकडा ९८ दिसू शकतो. त्रास झालेल्या माणसाला रुग्णालयात न्यावे आणि धुरात काम चालू होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. एवढ्या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलते.