रस्त्यावरचे मीठ

कुल्फीवाल्याच्या मटक्यात बर्फाचा चुरा असतो आणि त्या चुऱ्यात जाडे मीठ. "मिठाने बर्फ वितळतो, मग कुल्फी गोठते कशी?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर सोपे आहे. मीठ मिसळले, की पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. साधे पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते. खाऱ्या पाण्याला त्याहून जास्त थंडी लागते. मटक्यातला बर्फ वितळताना आसपासची उष्णता ओढून घेतो. खारे पाणी शून्याच्या खाली जाऊनही पातळच राहते, साच्यातले दूध मात्र गोठते.

हेच शास्त्र अमेरिका आणि कॅनडातल्या रस्त्यांवर दर हिवाळ्यात वापरले जाते. आपल्यापैकी अनेकांची मुले-बाळे, भाचे-पुतणे टोरंटो, शिकागोकडे आहेत. तिथे रस्त्यावर बर्फाचा पातळ थर बसला, की गाडीचा ब्रेक लागूनही गाडी थांबत नाही. रुग्णवाहिका, शाळेची बस, कामावर जाणारा माणूस, सगळ्यांचाच जीव त्या थरावर अवलंबून असतो.

पूर्वी अशा रस्त्यांवर वाळू आणि कोळशाची राख टाकत. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये मिठाचा प्रयोग केला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि महामार्ग वाढले, तसा मिठाचा वापरही वाढला. आज एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे २ कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते. ते आपल्यासारखे मिठागरातले नसते, बहुतेक खाणीतले असते. कॅनडातल्या गॉडरिच गावची मिठाची खाण ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली ५०० मीटरहून खोल आहे.

मीठ उष्णता देत नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे. बर्फाच्या पृष्ठभागावरच्या पाण्यात ते आधी विरघळते आणि ते खारे पाणी पुढचा बर्फ वितळवत जाते. म्हणून कडाक्याच्या थंडीत कोरडे मीठ निरुपयोगी ठरते. उणे ९-१० अंशांच्या खाली त्याचे काम फार मंदावते. अशा वेळी कॅल्शियम क्लोराइड वापरतात किंवा चाकांना पकड मिळावी म्हणून वाळू टाकतात.

यावर निघालेला शहाणा मार्ग म्हणजे मिठाचे पाणी. १०० किलो द्रावणात २३ किलो मीठ असेल, तर ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. त्याहून जास्त मीठ घालून फायदा नाही. हे पाणी टँकरमधून बर्फ पडण्याआधीच रस्त्यावर फवारतात. त्यामुळे बर्फ डांबराला घट्ट चिकटत नाही आणि यंत्राच्या पात्याने सहज खरवडला जातो. कोरडे खडे उडून कडेला जातात, फवारलेले पाणी जागेवर राहते. साहजिकच एकूण मीठ कमी लागते. मात्र आधी पाऊस येणार असेल, तर फवारणी वाहून जाते. म्हणून हवामानाचा अंदाज पाहूनच हे काम करावे लागते.

पण बर्फ वितळल्यावर मीठ जाते कुठे? ते कुठेच नाहीसे होत नाही. गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत, मातीतून विहिरीत जाते. भरती-उधाणात बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले, की भातखाचराचे काय होते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मिनेसोटा राज्याचे प्रदूषण नियंत्रण खाते सांगते, की चमचाभर मीठ सुमारे १९ लिटर गोड्या पाण्याला बिघडवायला पुरेसे आहे. कॅनडा सरकारच्या २००१ च्या अहवालाने रस्त्यावरचे मीठ पर्यावरणाला घातक ठरवले.

मिशिगनमधल्या फ्लिंट शहराचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. २०१४ मध्ये या शहराला फ्लिंट नदीचे पाणी देणे सुरू झाले. नदीत क्लोराइड जास्त होते. त्याचे एक कारण रस्त्यांवरचे मीठ. त्याच वर्षी तिथल्या मोटार इंजिनांच्या कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून ते पाणी घेणे बंद केले. घरांच्या नळांना मात्र तेच पाणी येत राहिले. पाइप गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रियाही केली गेली नव्हती, त्यामुळे जुन्या पाइपांतले शिसे लेकरांच्या पोटात गेले. मूळ चूक प्रक्रिया टाळणाऱ्यांची होती; पण पाणी किती आक्रमक झाले होते, हे लोखंडाने आधीच सांगितले होते.

मग मीठ बंद करावे का? तसे केले, तर अपघात वाढतील. प्रश्न प्रमाणाचा आहे. तिकडचे जाणकार घरमालकांना सांगतात, की आधी फावड्याने बर्फ काढा. मग साधारण ६ मीटर लांबीच्या गाडीवाटेला कॉफीचा एक मग भरून मीठ पुरते. खडे एकमेकांपासून दूर पडू द्या आणि उरलेले झाडून पुन्हा डब्यात भरा. परदेशातल्या आपल्या मुलांशी फोनवर बोलताना एवढे जरूर सांगा. रस्ता सकाळपुरता मोकळा होतो, मुरलेले खारेपण मात्र पुढच्या पिढीच्या विहिरीत राहते.